जुगाराच्या अड्ड्यातला चॅप्लिन: ‘पॅस्टिश’ लिहिण्याआधी

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी रुबाबात लिहिलं होतं: ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा उत्तराधुनिक पॅस्टिशचा नमुना आहे. ते वाक्य नंतर खोडावं लागलं. का, ते सांगतो.

आधी संकल्पना. फ्रेडरिक जेमसन यांनी १९८०च्या दशकात विडंबन आणि पॅस्टिश यांत फरक केला. विडंबन जुन्या शैलीला चिमटा काढतं. पॅस्टिश मृत शैलीचा नुसता मुखवटा चढवतं. ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) त्यांना बक रॉजर्ससारख्या जुन्या अंतराळ-मालिकांची ओढ दिसली. ‘ब्लेड रनर’ही (१९८२) बघा. गोष्ट २०१९ची, पण लांब कोट, पडद्याच्या पट्ट्यांच्या सावल्या, नायिकेचे रुंद खांद्यांचे कपडे, सगळं १९४०च्या दशकातल्या गुन्हेपटांचं.

आता शेखर कपूरचा ‘मिस्टर इंडिया’. अदृश्य माणूस एच. जी. वेल्सच्या १८९७च्या कादंबरीतला; हिंदीत ‘मिस्टर एक्स’ (१९५७) आणि ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ (१९६४) येऊन गेलेले. शिवाय जुन्या चालींवर नवे शब्द बसवलेलं गाणं, आणि जुगाराच्या अड्ड्यात चॅप्लिनच्या वेशातली श्रीदेवी. मला वाटलं, झाला पुरावा.

दिवाळीत बीडला घरी हाच सीन लावून नोट्स काढत होतो. आजी म्हणाली, “ही तर राज कपूरची नक्कल करायली की!” मी तिला दुरुस्त करणार होतो, पण थांबलो. चॅप्लिनचा भटक्या पडद्यावर आला १९१४ मध्ये. राज कपूरने तो ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) आपलासा केला. म्हणजे आजीचं ‘मूळ’ हीच आधीची एक नक्कल होती! आणि तिच्यासाठी ती शैली मेलेली नव्हतीच. ती मनापासून हसत होती. जेमसन यांची व्याख्या इथे जशीच्या तशी बसत नाही.

मग प्रश्न बदलला. ‘हे पॅस्टिश आहे का?’ याऐवजी: ‘कोणत्या प्रेक्षकाला यात कोणती जुनी शैली ओळखू येते?’ पहिल्याचं उत्तर एका ओळीत संपतं. दुसऱ्यासाठी जुनी परीक्षणं वाचावी लागतात, लोकांशी बोलावं लागतं.

एम.एस्सी.ला आम्ही मोजमापाआधी उपकरण तपासून घ्यायचो. संकल्पनेचंही तसंच करा. प्रत्येक उदाहरणासमोर तीन रकाने आखा: मूळ शैली, मधल्या नकला, ओळखणारा प्रेक्षक. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर ‘पॅस्टिश’ हा शब्द तूर्त पेन्सिलीनेच लिहा.