चार चिठ्ठ्या आणि एक वाचणारा

घाटंजी, आर्णी किंवा पांढरकवडा येथून यवतमाळास उपचारासाठीं येणाऱ्या वृद्ध रोग्याच्या पिशवींत पुष्कळदां तीनचार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. रक्तदाबाची गोळी एकानें दिलेली, मधुमेहाची दुसऱ्यानें, गुडघेदुखीची तिसऱ्यानें. प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणें निर्दोष असेल. परंतु एकच वेदनाशामक औषध दोन निराळ्या नांवांनीं पोटांत जाऊं लागलें, तर जठरांत रक्तस्राव होऊं शकतो व मूत्रपिंडांसही इजा पोंचते. या साऱ्या चिठ्ठ्या एकत्र वाचावयाच्या कोणीं?

युरोपांत सम्राट् दुसरा फ्रेडरिक यानें तेराव्या शतकांतच कायद्यानें वैद्य व औषधविक्रेता यांचे धंदे वेगळे केले. लिहिणारा हात आणि देणारा हात असे दोन झाले. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ कंपौंडर हा डॉक्टरचाच दुसरा हात होता. मिश्रण ढवळावें, बाटलीवर मात्रेची कातरलेली कागदी पट्टी चिकटवावी, एवढेंच त्याचें काम. चिठ्ठीविषयीं शंका घेण्याचा अधिकार त्यास नव्हता, आणि तेवढें शिक्षणही नव्हतें.

1930 सालीं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं औषध-चौकशी समिति नेमली गेली. पुढील वर्षीं तिनें औषधांवर नियंत्रण असावें व तीं देणारा मनुष्य शिकलेला असावा, अशी शिफारस केली. 1932 सालीं महादेव लाल श्रॉफ यांनीं बनारस हिंदु विश्वविद्यालयांत या शास्त्राचें शिक्षण सुरू केलें. 1948 च्या फार्मसी कायद्यानें नोंदणीची प्रथा आणली. तेव्हां यवतमाळ मध्यप्रांत-वऱ्हाडांत होतें. पांच वर्षें औषधें तयार करण्याचें काम केलेल्या कंपौंडरांनाही पहिल्या नोंदवहींत जागा मिळाली. कंपौंडराचा फार्मासिस्ट झाला. पण तपासणीचें कर्तव्य स्पष्ट शब्दांत सांगितलें जाण्यास आणखी 67 वर्षें लोटलीं. 2015 च्या नियमांनीं त्याच्यावर जबाबदारी टाकली, कीं त्यानें रोग्याची नोंद व प्रत्येक चिठ्ठी पाहावी. एकच औषध दुबार तर नाहीं, दोन औषधांचें परस्परांशीं वांकडें तर नाहीं, मात्रा व मुदत योग्य आहे ना, हें पारखावें.

अमेरिकेंत वृद्धांच्या शुश्रूषागृहांसाठीं असा दंडक 1974 सालींच घातला गेला होता. आपल्या नियमाचें वय त्यामानानें लहान आहे. तो केवळ कागदावर राहूं नये, तर दुकानाच्या गर्दींत फार्मासिस्टला वाचावयास सवड हवी. आणि रोग्यानेंही सर्व गोळ्या, वैद्याच्या चूर्णाच्या पुडीसह, त्याच्यापुढें उघड कराव्या. झांकलेल्या पिशवींतलें औषध कोणालाच पारखतां येत नाहीं.