घाटात ॲक्सिलरेटर पिळला की गाडी आधी दबते आणि मग पळते, असं का होतं?

कळवणहून नांदुरीमार्गे सप्तशृंगगडाचा घाट चढताना अनेकांना हा अनुभव आलेला असतो. वळणावर गाडी हळू केलेली असते. वळण संपलं की समोर चढ, मागे डबलसीट. तुम्ही ॲक्सिलरेटर एकदम पिळता आणि गाडी पळण्याऐवजी क्षणभर गुदमरते. एक झटका बसतो आणि मगच ती ओढायला लागते. मागून एसटी येत असेल तर तो अर्धा सेकंदही फार मोठा वाटतो.

यावर गल्लीत एकच सल्ला मिळतो, "पेट्रोल कमी पडतंय, जेट मोठा टाक." यातलं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं खिशाला महागात पडणारं आहे.

त्या अर्ध्या सेकंदात काय होतं?

पेट्रोल नीट जळायला हवा आणि पेट्रोलचं ठरलेलं प्रमाण लागतं. शुद्ध पेट्रोलसाठी ते 1 किलोला साधारण 14.7 किलो हवा असं असतं. जोर हवा असेल तेव्हा मिश्रण थोडं दाट, म्हणजे 12.5 ते 13 च्या आसपास ठेवतात.

इंजिन आयडलवर असताना इनटेक पाइपमध्ये हवेचा दाब फार कमी असतो, बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश. एवढ्या कमी दाबात पेट्रोलची वाफ लगेच होते. थ्रॉटल एकदम उघडला की हवा आत घुसते आणि दाब वाढतो. मग पेट्रोलची वाफ कमी होते आणि त्याचा काही भाग पाइपच्या आतल्या भिंतीला ओल धरून बसतो.

कोरड्या मडक्यात पाणी ओतलं की पहिलं थोडं पाणी मडकंच पितं, तसंच हे. पेट्रोल सोडलेलं असतं, पण सिलिंडरपर्यंत पूर्ण पोचत नाही. हवा मात्र हलकी असल्यामुळे आधीच पोचलेली असते. मिश्रण क्षणभर पातळ होतं आणि गाडी दबते.

कंपन्यांनी यावर काय उपाय काढला?

त्या क्षणापुरतं जास्तीचं पेट्रोल द्यायचं. यालाच ॲक्सिलरेशन एनरिचमेंट म्हणतात. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मोटारींत यासाठी छोटा पंप असायचा. पेडल दाबलं की तो पेट्रोलची एक पिचकारी मारायचा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या दुचाकींतही फ्युएल इंजेक्शन रुळलं. आता हे काम ईसीयू करतो. थ्रॉटल किती वेगाने उघडला किंवा पाइपमधला दाब किती वेगाने वाढला हे सेन्सर सांगतात आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो.

सुपरचार्जर असलेल्या बोटीत हे जास्त अवघड का?

कावासाकीची अल्ट्रा 310 ही जेट स्की घ्या. इंजिन 1,498 सीसी, ताकद 310 हॉर्सपॉवर, वर सुपरचार्जर. सुपरचार्जर इंजिनच्याच ताकदीवर फिरतो आणि हवा दाबून आत भरतो. त्यामुळे दाब आयडलच्या पातळीवरून थेट बाहेरच्या हवेपेक्षाही वर जातो. उडी मोठी, म्हणून जास्तीचं पेट्रोलही मोठं लागतं. शिवाय अनेक बोटींची इंजिनं बाहेरच्या गार पाण्यावर थंड होतात. पाइप गार राहिला तर भिंतीवर ओल आणखी धरते.

इथे चूक झाली तर नुसता झटका बसून भागत नाही. दाबलेल्या हवेत मिश्रण पातळ झालं तर नॉकिंग होतं आणि पिस्टन खराब होऊ शकतो.

म्हणून ट्यूनिंग करणारे एक क्रम पाळतात. आधी स्थिर वेगावरचं पेट्रोल बरोबर करून घेतात. इंजिन पूर्ण गरम करतात. मग एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर मिश्रण बघत थ्रॉटल झटकन उघडतात.

– उघडल्याबरोबर मिश्रण पातळ झालं, तर जास्तीच्या पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं.
– सुरुवात चांगली होऊन नंतर पातळ झालं, तर ते पेट्रोल थोडा जास्त वेळ चालू ठेवायचं.
– काळा धूर आला आणि इंजिन जड झालं, तर प्रमाण कमी करायचं.
– शेवटी गार इंजिनसाठी वेगळी वाढ ठरवायची.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला मुख्य नियम.

मग आपल्या बाइकचा जेट मोठा टाकायचा का?

नाही. मेन जेटचं काम थ्रॉटल बराच उघडल्यावर सुरू होतं. सुरुवातीचा झटका त्याने जात नाही, पेट्रोल मात्र जास्त जातं. त्यात गड समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. वर हवा विरळ होते, त्यामुळे कार्ब्युरेटरचं मिश्रण आपोआपच दाट होतं. मोठा जेट टाकला तर ते आणखी दाट होऊन गाडी चढावर जड वाटेल.

त्याऐवजी आधी या गोष्टी बघा. एअर फिल्टर तुंबलाय का? स्लो जेटमध्ये कचरा आहे का? कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर पडून बाहेरची हवा आत जातेय का? प्लग झिजलाय का? इंजेक्शनची गाडी असेल तर स्कॅनर लावून थ्रॉटल सेन्सर तपासून घ्या.

थंडीच्या दिवसांत सकाळी त्रास जास्त होत असेल तर त्यालाही कारण आहे. आताच्या ई-20 पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जुना कार्ब्युरेटर हा फरक स्वतःहून भरून काढू शकत नाही. इंजिन थोडं गरम होऊ द्या, मग घाटाला लागा.

डिझेल पिकअपचं गणित उलटं असतं. तिथे डिझेल लगेच मिळतं, पण टर्बोची हवा यायला वेळ लागतो. म्हणून जोरात रेस दिली की काळा धूर निघतो. तिथे जास्तीचं इंधन देण्याऐवजी हवा येईपर्यंत ते रोखून धरावं लागतं.

आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत एक करा. वळणाच्या आधीच गिअर खाली टाका आणि ॲक्सिलरेटर झटक्यात न पिळता वाढवत न्या. भिंत भिजायला लागणारा तेवढा वेळ तुमचा हातच इंजिनला देऊ शकतो.