मोबाईलच्या कपाळावरचीं अक्षरें

रेडिओचे जुने संच ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना त्यांतील हिरवा डोळा आठवत असेल. १९३५ सालीं अमेरिकेंत ही प्रकाशनळी निघाली आणि पुढें चांगल्या संचांतून ती सर्रास बसविली जाऊं लागली. केंद्र बरोबर लागलें कीं हिरव्या प्रकाशांतील फट मिटत येई आणि कळ आणखी फिरविण्याचें कारण नाहीं, हें श्रोता ओळखी. लहरी किती जोरानें पोंचत आहेत, एवढेंच तो डोळा सांगे. गाणें चांगलें कीं वाईट, हें सांगणें त्याचें काम नव्हतें.

आज हातांतील मोबाईलच्या माथ्यावर चार-पांच रेघा आणि ‘४जी’, ‘५जी’ अशीं अक्षरें दिसतात. त्यांच्याकडून मात्र आपण पुष्कळच अधिक अपेक्षा करतों. रेघा पूर्ण आहेत, अक्षर नवें आहे, तेव्हां वेगही भरपूर असलाच पाहिजे, असें आपण धरून चालतों. हा समज कसा रूढ झाला आणि तो कितपत खरा आहे, हें पाहावयाचें तर या अक्षरांचा इतिहास चाळला पाहिजे.

तारीख ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनीं दिल्लींत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाईलवरून संभाषण केलें आणि या देशांत मोबाईलचें युग सुरू झालें. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला विदेश संचार निगमानें इंटरनेट सर्वसामान्यांना खुलें केलें. परंतु हे दोन प्रवाह अद्याप वेगळे होते. मोबाईल बोलण्यापुरता होता, आणि त्याच्या मालकाला एकच प्रश्न पडे : रेंज आहे कीं नाहीं? त्यासाठीं रेघा पुरेशा होत्या.

पुढें मोबाईलवर इंटरनेट आलें आणि अक्षरांची गरज उत्पन्न झाली. आरंभींच्या पद्धतींत माहिती पाठवितांना संभाषणाप्रमाणेंच एक सबंध मार्ग अडून राही, आणि वेग सेकंदाला अवघा ९.६ किलोबिट. नंतर ‘जीपीआरएस’ ही पद्धति आली. तींत माहितीचे लहान लहान पुडके करून, वाट मोकळी सांपडेल तसे ते धाडण्यांत येऊं लागले. ही सेवा चालू असतां फोनवर ‘जी’ हें अक्षर दिसे. मागून ‘एज’ आली. तिनें टॉवर आणि लहरी त्याच ठेवून प्रत्येक स्पंदावर एकाऐवजीं तीन बिटांचा भार घातला. तिची खूण ‘ई’. कागदोपत्रीं तिचा वेग ३८४ किलोबिटांच्या घरांत. प्रत्यक्षांत तो त्याहून पुष्कळ कमी मिळे.

तिसऱ्या पिढीची सेवा जपानांत १ ऑक्टोबर २००१ ला सुरू झाली. आपल्याकडे महानगर टेलिफोन निगमानें ती २००८ च्या डिसेंबरांत दिल्लींत आणली आणि २०१० च्या लिलावानंतर खासगी कंपन्याही तींत उतरल्या. ‘३जी’ आणि तिचीच सुधारलेली रूपें ‘एच’ व ‘एच प्लस’ हीं अक्षरें लोकांच्या परिचयाचीं झालीं. ‘ई’ दिसलें तर वाट पाहावयाची आणि ‘एच’ दिसलें तर चित्रफीत चालेल, हें ज्ञान शहरांतील शाळकरी मुलालाही कोणी न शिकवतां झालें. या काळांत अक्षर आणि वेग यांची सांगड बऱ्याच अंशीं खरी होती. आपला आजचा समज त्या दिवसांची शिल्लक आहे.

ही सांगड तुटली ती चौथ्या पिढीच्या नांवावरून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००८ सालीं अशी अट घातली होती कीं, चौथ्या पिढीच्या यंत्रणेला स्थिर ग्राहकासाठीं सेकंदाला एक गिगाबिटपर्यंत वेग गांठतां आला पाहिजे. १४ डिसेंबर २००९ रोजीं स्टॉकहोम व ऑस्लो येथें ‘एलटीई’ सेवा सुरू झाली, ती या कसोटीस उतरणारी नव्हती. तरी तिला ४जी म्हणण्यांत आलें. अमेरिकेंत तर कांहीं कंपन्यांनीं ‘एच प्लस’लाच तें नांव देऊन टाकलें. अखेर २०१० च्या डिसेंबरांत संघानेंच नमतें घेतलें आणि ४जी हें नांव अशा यंत्रणांनाही लावतां येईल, असें जाहीर केलें. मापानें नांव ठरण्याऐवजीं नांवानें माप झांकलें गेलें.

पुढें याहून मौजेचा प्रकार घडला. २०१९ च्या आरंभीं अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीच्या ग्राहकांना फोनवर ‘५जी ई’ असें चिन्ह दिसूं लागलें. आंत यंत्रणा मात्र सुधारलेली ४जीच होती. २०२० सालीं तेथील जाहिरात परीक्षण मंडळानें हें नांव दिशाभूल करणारें ठरविलें. कंपनीनें जाहिरातींतून तें काढण्याचें मान्य केलें, परंतु फोनवरील चिन्ह तसेंच ठेवलें.

आपल्याकडे ४जी सेवा १० एप्रिल २०१२ रोजीं कलकत्त्यास निघाली आणि २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ आल्यावर घरोघर पोंचली. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लींत ५जी सेवेचें उद्घाटन झालें. पहिल्या शहरांत मुंबई-पुणें होतींच. ही सेवा दोन प्रकारांनीं चालते. एकींत सर्व यंत्रणा नवी. दुसरींत फोन ४जीचा आधार घेऊन ५जीची जोड मिळवितो. या दुसऱ्या प्रकारांत ‘५जी येथें उपलब्ध आहे’ अशी सूचना टॉवरकडून येतांच कांहीं फोन तें चिन्ह झळकवितात. माहिती त्या क्षणीं ४जीनेंच वाहत असेल, तरीही!

रेघांची कथाही अशीच आहे. किती जोराला किती रेघा, याचा जागतिक नियम नाहीं. तें फोन बनविणारा ठरवितो. २०१० च्या जुलैंत ॲपल कंपनीनें स्वतःच कबूल केलें कीं, रेघा मोजण्याचें तिचें सूत्र सर्वस्वी चुकीचें होतें आणि तें कित्येक वेळां दोन रेघा जास्त दाखवी. खरा जोर फोनच्या सेटिंगमध्यें ‘डीबीएम’ या मापांत पाहावयास मिळतो. ४जीवर उणे ८० हा आंकडा उत्तम, तर उणे ११० क्षीण. या तीस आंकड्यांच्या अंतरांत जोराचा फरक हजारपट असतो. पण जोर पुरेसा असूनही वेग मिळेलच, असें नाहीं. पंगतींत पानें शंभर आणि वाढपी दोन, अशी स्थिति झाली तर स्वयंपाकघर जवळ असून काय उपयोग? एका टॉवरचा वेग त्याच्या छायेंतील सर्व ग्राहकांत वांटला जातो.

हा केवळ हौशी जिज्ञासेचा विषय नव्हे. २०२० च्या टाळेबंदींत शाळा फोनवर भरूं लागल्या, तेव्हां कोंकणांतील डोंगराळ गांवांत मुलें रेंज मिळेल अशी उंच जागा शोधून अभ्यासास बसत. नकाशावर गांव ‘व्याप्त’ असणें आणि मुलाला धडा ऐकूं येणें, यांतील अंतर तेव्हां लख्ख दिसलें. सरकारी व्याख्येनेंही ‘ब्रॉडबँड’चा किमान वेग २००४ सालीं २५६ किलोबिट, २०१३ सालीं ५१२ किलोबिट आणि २०२३ सालीं दोन मेगाबिट, असा पायरीपायरीनें वाढविला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१६ सालीं ‘मायस्पीड’ हें वेगमापक ॲप काढलें आणि कंपन्यांनीं आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करावे, असा दंडक २०२४ च्या नियमांनीं घातला.

हीं साधनें आपल्या हातीं आहेत; तीं वापरावींत. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं अशी तीनदां मोजणी करावी. उतरण्याचा वेग आणि चढण्याचा वेग वेगवेगळे टिपावे. जाहिरातींतील मेगाबिट आणि फाईलचा मेगाबाईट यांत आठपटीचा फरक असतो, हें ध्यानांत ठेवावें : सेकंदाला आठ मेगाबिट वेग असेल, तर शंभर मेगाबाईटची फाईल उतरावयास शंभर सेकंद लागतात. अशी टिपणें हातांत असलीं म्हणजे तक्रारीला आधार मिळतो. कारण कपाळावरचें अक्षर दुसऱ्यानें लिहिलेलें असतें. मोजलेला आंकडा आपला असतो.