पेज

तापातून उठलेल्याला कोकणात, गोव्यात पहिली मिळते ती पेज. शब्दाचं मूळ संस्कृत 'पेया'त. 'पा' म्हणजे पिणं. पेया म्हणजे पिण्याजोगी. प्राकृतात तिची 'पेज्जा' झाली आणि मराठीत येताना एक ज गळाला.

आयुर्वेदात आजाऱ्याचं अन्न हळूहळू दाट होत जातं. आधी शितं गाळलेला मंड, मग थोडी शितं असलेली पेया, त्यानंतर विलेपी. विलेपीत 'लिप्' धातू आहे, लेप आणि लिंपण यांतला. ती ओतली की धार पडत नाही, पळीलाच धरून बसते. नाव ठेवणाऱ्यानं बहुधा पातेल्यात डोकावून ठेवलं असावं! पंचकर्मानंतर याच क्रमानं रोग्याला जेवणावर आणतात.

कोकणातली पेज मात्र आजाऱ्याची मिरास नाही. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सोबत लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला सुका बांगडा. शेतात राबणारे धडधाकट लोक ती वाडगा भरभरून घेतात. बांगडा तेवढा आजाऱ्याला वर्ज्य. घाटावर आजाऱ्यासाठी पेजेचं काम गुरगुट्या भात करतो, वर तूप-मीठ. पेजेसारखीच असते ती 'कांजी', पण तो शब्द तमिळकडचा. पेजेशी त्याचं रक्ताचं नातं नाही.