दिनविशेष : ३१ जुलै – थाळीफेकपटूचे दोन शिष्य एकाच पदक-मंचावर

टोकियो ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२१ रोजी पुरुषांच्या थाळीफेकीत, म्हणजे २ किलो वजनाची चकती २.५ मीटर व्यासाच्या वर्तुळात गिरकी घेऊन भिरकावण्याच्या प्रकारात, स्वीडनच्या डॅनियल स्टॉलने ६८.९० मीटर फेकीने सुवर्ण आणि सायमन पेटरसनने ६७.३९ मीटर फेकीने रौप्य पटकावले. दोघांचेही प्रशिक्षक वेस्टाइन हाफस्टाइनसन होते. आइसलँडच्या या थाळीफेकपटूने अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाकडून फेकी केल्या, परंतु १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये उत्तेजक सेवनामुळे तो अपात्र ठरला, हे त्याच्या चरित्रातून वगळणे योग्य नव्हे. पुढे त्याच्याच मार्गदर्शनाखाली एस्टोनियाचा गेर्ड कांटर २००८मध्ये ऑलिंपिक विजेता झाला.

अमेरिकी महाविद्यालयांत फेकीचे प्रकार बहुधा सहायक प्रशिक्षकाकडे असतात आणि या पदावर अनेकदा माजी फेकपटूच दिसतो, कारण गिरकीतला पायांचा क्रम आणि चकती हातातून सुटण्याचा क्षण अनुभवाविना पारखणे कठीण असते. फेकीचे वर्तुळ हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावच्या मैदानावरही चुन्याने आखता येईल. दुर्मीळ असतो तो असा जाणता डोळा.

याच तारखेला, २०१४मध्ये, ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत म्हैसूरमध्ये जन्मलेल्या आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळलेल्या विकास गौडाने ६३.६४ मीटर फेकीने सुवर्ण जिंकले. १९५८मधील मिल्खा सिंग यांच्यानंतर या स्पर्धेतील ॲथलेटिक्समध्ये भारतीय पुरुषाला मिळालेले ते पहिलेच सुवर्ण होते.