इंजिन न उतरवता : कोल्हापूरच्या कारागिरीचा एक धागा

१/ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराचा इतिहास सहसा फौंड्रींपासून सांगितला जातो. त्याचे मूळ मात्र दुरुस्तीत आहे. कॅमशाफ्टच्या बुशावरून ते पाहू.

२/ कॅमशाफ्ट इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडतो. तो ज्या बुशांत फिरतो ते झिजले की ऑइलचा दाब घसरतो. अशा बुशांच्या आतील मऊ मिश्रधातू कथील, अँटिमनी व तांबे यांपासून अमेरिकेतील आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये सिद्ध केला.

३/ जुन्या धाटणीच्या गाडीत इंजिन न उतरवताही हे बुश बदलता येतात. रेडिएटर काढायचा, टायमिंग गिअर सोडवायचा, टॅपेट वर धरून कॅमशाफ्ट पुढे ओढून घ्यायचा. मग जुना बुश बाहेर, नवा आत. नव्या बुशाचे भोक ब्लॉकमधील ऑइलच्या वाटेशी तंतोतंत जुळले पाहिजे. ते चुकले तर बुश कोरडा पडून जळतो.

४/ हेच कसब शेतीलाही हवे होते. पंचगंगेकाठी पाणी उपसणारे इंजिन बंद पडले की ऊस वाळू लागे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले, तेव्हा झिजलेला भाग हाच नमुना ठरला. भाग घडवता घडवता अख्खे इंजिन घडले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांना या उद्योगाचे आद्य प्रवर्तक मानतात.

५/ भांडवलाची नोंद दप्तरांत राहते. भोक जुळवणाऱ्या बोटांचे ज्ञान गुरूकडून शिष्याकडेच जाते. ती साखळी तुटली, तर उद्योगाचा पायाच विस्मरणात जाईल.