बाटलीचे माप

आपल्या देशात वेदनाशामक गोळी दोन ठिकाणी राहते. एक कायद्याच्या परिशिष्टात आणि दुसरे औषधाच्या दुकानातील फळीवर. परिशिष्टात डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड ही नावे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत आहेत. दुकानात मात्र 'कंबर दुखते' एवढे दोन शब्द पुरतात. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि व्यवहार संपतो. ही तफावत केवळ दुकानदाराच्या लोभाने किंवा गिऱ्हाइकाच्या अज्ञानाने निर्माण झाली, असे मानणे सोपे आहे. परंतु तिचा इतिहास पाहिला, तर तो प्रशासनाच्या साधनांचा इतिहास आहे असे दिसते. कोणते साधन चालले आणि कोणते कागदावरच राहिले, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

प्रथम औषधाकडे पाहू. ॲस्पिरिन हे नाव १८९९ साली जर्मनीतील बायर कंपनीने बाजारात आणले. आयबुप्रोफेन हे इंग्लंडमध्ये बूट्स कंपनीच्या प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले आणि १९६९ साली ते तेथे चिठ्ठीवर मिळू लागले. ही औषधे नेमके काय करतात, हे मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि वेदना, सूज, ताप यांत त्यांचा हात असतो. गोळी त्यांची निर्मिती रोखते. पण हीच द्रव्ये जठराच्या आतील अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणजे गुडघ्याचे दुखणे थांबवणारी गोळी त्याच वेळी जठराचे कवच पातळ करते. गुण आणि दोष यांचे मूळ एकच आहे. या शोधासाठी व्हेन यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटिश काळात हिंदुस्थानच्या बाजारात भेसळीच्या व निकृष्ट औषधांचा सुळसुळाट झाला होता. त्याच्या चौकशीसाठी १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ साली आला, कायदा १९४० साली झाला आणि त्याचे नियम १९४५ साली आले. प्रशिक्षित औषधविक्रेत्यांच्या नोंदणीचा कायदा तर १९४८ साली, स्वातंत्र्यानंतर झाला. या रचनेचा मुख्य रोख औषधाच्या शुद्धतेवर होता. शुद्ध औषध चुकीच्या माणसाच्या हाती पडले तर काय, या प्रश्नाचे उत्तर 'परिशिष्ट एच' आणि नियम ६५ यांनी दिले. या परिशिष्टातील औषध केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर द्यावे आणि डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा देऊ नये, असा तो नियम आहे.

नियम करणाऱ्यांना देशाची कल्पना नव्हती असे नाही. 'परिशिष्ट के'मध्ये घरगुती औषधांची एक यादी आहे. एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या गावात ही औषधे परवान्याशिवाय विकता येतात. तीत ॲस्पिरिन व पॅरासिटामॉलच्या गोळ्या आहेत, वेदनाशामक बाम आहे, लहान मुलांचे ग्राइप वॉटर आहे, एरंडेलही आहे. डॉक्टर नसलेल्या गावात डोके दुखणाऱ्या माणसाने काय करावे, याचे हे व्यवहारी उत्तर होते. परंतु या दोन परिशिष्टांच्या मधली जागा रिकामी राहिली. चिठ्ठी नको, पण जाणकार औषधविक्रेत्याचा सल्ला आणि मर्यादित मात्रा हवी, अशा औषधांचा स्वतंत्र वर्ग आपल्या कायद्याने आखला नाही. इंग्लंडमध्ये तो होता. म्हणूनच १९८३ साली तेथे आयबुप्रोफेन चिठ्ठीच्या वर्गातून औषधविक्रेत्याच्या वर्गात आणता आले. उलट, हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २०१५ साली डायक्लोफिनॅकची गोळी तेथे पुन्हा चिठ्ठीच्या वर्गात गेली. वर्ग असले की औषध वर-खाली हलवता येते. आपल्याकडे ती मधली जागा व्यवहाराने स्वतःच्या पद्धतीने भरून काढली.

अशा स्थितीत शासनाच्या हाती उरलेले मोठे हत्यार म्हणजे कलम २६-अ खालील बंदी. ते वेळोवेळी उपसले गेले. रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे त्याच्या निर्मात्याने सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले, आणि त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. निमेसुलाइडची वाट अधिक लांबची आहे. यकृताला इजा होण्याच्या भीतीने फिनलंड आणि स्पेनने ते २००२ साली थांबवले होते. आपल्याकडे बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर २०११ साली बंदी आली, आणि शंभर मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या गोळ्यांवर २०२५ च्या अखेरीस. मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर एकदम बंदी घातली गेली. त्यांत निमेसुलाइड आणि डायक्लोफिनॅक एकाच गोळीत असलेले मिश्रणही होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हा आदेश रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथून तांत्रिक सल्लागार मंडळाकडे आले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. बंदीचे हत्यार धारदार खरे. पण ते उचलायला वेळ लागतो, आणि उचलल्यावर न्यायालयात टिकेल असा पाया आधी बांधावा लागतो.

या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण माणसांचे नाही, गिधाडांचे आहे. नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश यांनी नोंदवले. रोग असावा, असा प्रथम तर्क होता. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून कारण कळले. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचे उत्पादन थांबवण्याचे आदेश दिले आणि २००८ साली तशी अधिसूचना काढली. पर्यायी औषध म्हणून मेलॉक्सिकॅम उपलब्ध होते. नियम स्पष्ट होता, पर्याय होता, हेतूही निर्विवाद होता. तरीही वापर थांबला नाही. कारण माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत मिळत होते आणि ती बाटली सरळ गोठ्यात जात होती. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरते; तीस मिलिलिटर कोणासाठी, हे सर्वांनाच ठाऊक होते.

शेवटी २०१५ साली अधिसूचना निघाली, की माणसांसाठीचे हे इंजेक्शन एका मात्रेच्या वेष्टनातच विकावे. मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली हा निर्णय उचलून धरला. यात कोणाला नवा गुन्हा लागला नाही, निरीक्षकांची संख्या वाढली नाही, दुकानदाराच्या मनःपरिवर्तनाची वाट पाहावी लागली नाही. बाटलीचे माप बदलले, आणि गाईला टोचण्यासाठी दहा कुप्या फोडणे महाग व कटकटीचे झाले. सगळा गैरवापर त्याने थांबला असे नव्हे. पण गैरवापराचा सोपा रस्ता बंद झाला. इंग्लंडने १९९८ साली पॅरासिटामॉल आणि ॲस्पिरिनच्या पाकिटातील गोळ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, तीही याच विचाराने. साध्या दुकानात सोळा, औषधविक्रेत्याकडे बत्तीस. पॅरासिटामॉलच्या विषबाधेचे मृत्यू त्यानंतर तेथे घटले.

प्रशासनाच्या दृष्टीने यातला धडा महत्त्वाचा आहे. जो नियम पाळला जाण्यासाठी प्रत्येक दुकानात, प्रत्येक व्यवहाराच्या वेळी कोणीतरी उभे राहावे लागते, तो नियम या विस्ताराच्या देशात दुबळाच राहणार. जो नियम कारखान्यात, वेष्टनाच्या पातळीवर एकदा पाळून घेता येतो, तो दुर्गम पाड्यापर्यंत आपोआप पोहोचतो. २०२२ साली केंद्राने सोळा औषधे चिठ्ठीशिवाय विकू देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. उपचार पाच दिवसांपेक्षा अधिक नसावा आणि पाकीट त्याच हिशेबाचे असावे, ही त्यातली अट याच दिशेची होती. दुकानात पट्टी कापून दिली जाते तेव्हा गोळीच्या संख्येबरोबर सूचनाही कापली जाते. गिऱ्हाइकाच्या हाती औषधाचे अर्धे नाव उरते आणि मुदतीची तारीख कचऱ्यात जाते. पाच दिवसांचे अखंड पाकीट आणि त्यावर स्थानिक भाषेत ठळक इशारा, एवढी सुधारणाही मोठी ठरेल.

इशारा कोणता असावा, याविषयी वैद्यकशास्त्रात फारसा मतभेद नाही. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, आणि शक्यतो जेवणानंतर. या वर्गातील दोन गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. नावे वेगळी असली तरी आतले काम एकच असते. ज्यांना जठरव्रण झालेला आहे, मूत्रपिंडाचा, यकृताचा किंवा हृदयाचा विकार आहे, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. गर्भवतींनी, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, ती टाळावी. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेथे पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत. उलटीत रक्त दिसले किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर गोळी तत्काळ बंद करून रुग्णालय गाठावे.

हा मजकूर छापील इशाऱ्यात बसेल एवढाच आहे. मात्र तो ज्याने वाचायला हवा, तो मजूर दिवसभर ओझे वाहून संध्याकाळी दुकानाशी येतो. उद्या पुन्हा कामावर उभे राहता यावे, एवढीच त्याची गरज असते. डॉक्टरांकडे जायचे तर त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. चिठ्ठीचा नियम त्याच्यासाठी कधी लागू झालाच नाही, आणि गोळीवर सरसकट बंदी घातली तर त्याचे दुखणे काही थांबणार नाही. वर्षानुवर्षे रोज दोन गोळ्या घेऊन त्याचे मूत्रपिंड निकामी झाले, तर त्याची नोंद बहुधा कोणत्याही निरीक्षकाच्या वहीत होत नाही. गिधाडांची संख्या घटली तेव्हा ती मोजणारे कोणीतरी होते, म्हणून बाटलीचे माप बदलले. माणसांच्या बाबतीतही मोजणी आधी आणि माप नंतर, हाच क्रम राहील. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झालेला आहे. त्याच्याकडे पहिली नोंद जायची ती गावातल्या डॉक्टरांकडून, परिचारिकेकडून आणि औषधविक्रेत्याकडून. ती नोंद त्यांनी करावी यासाठी त्यांना वेळ आणि मान देणे, हे जिल्हा प्रशासनाच्या हातातले काम आहे.